जोडाक्षरापाशी

सर्वेश मगदूम गोष्ट छान वाचतो, असं त्याच्या बिल्डिंगमध्ये सगळे म्हणायचे. गणपतीत एकदा त्यानं सोसायटीतल्या मुलांना बसवून गोष्ट वाचली होती, तेव्हापासून त्याचं नाव झालं होतं. आवाज मोकळा, शब्द स्वच्छ, कुठं अडखळणं नाही. ऐकत नव्हती ती फक्त त्याची स्वतःची मुलगी.

संध्याकाळी तो कोल्ड स्टोरेजमधून घरी आला की जुई पुस्तक घेऊन त्याच्या मांडीवर येऊन बसायची. तो वाचायला लागायचा. दुसरं पान येईपर्यंत ती मांडीवरून घसरून गॅलरीत गेलेली असायची आणि कपड्यांचे चिमटे एकमेकांत अडकवत बसायची. सर्वेश तरी पान संपेपर्यंत वाचतच राहायचा, कारण मध्येच थांबणं त्याला जमत नसे.

जुई साडेतीन वर्षांची होती. "चप्पल आण" म्हटलं की आणायची, "लाईट बंद कर" म्हटलं की स्टूल ओढून बंद करायची. कान तपासून झाले होते, त्यांत दोष नव्हता. पण बोलायची म्हणाल तर "पप्पा", "आई", "दे" आणि "नको", एवढंच. बाकी सगळं बोटानं दाखवायची. अंगणवाडीतली तिच्या बरोबरीची मुलं एकमेकांच्या तक्रारी सांगत होती, आणि जुई कोपऱ्यात उभी राहून त्यांच्या तोंडाकडे बघत असायची.

तिची आई प्रणिता हे दारातून बघायची आणि गप्प घरी यायची. तासगावच्या आसपास द्राक्षबागांवर औषध फवारायचे ड्रोन चालवायचं तिचं काम होतं. वाऱ्याचा अंदाज, औषधाचं प्रमाण, वेलीची उंची हे सगळं ती चटकन सांगायची. जुईचं काय करायचं हे मात्र तिला कळत नव्हतं.

त्या सुमारास तासगावात चष्म्याशिवाय माणूस दिसणं अवघड झालं होतं. नजर चांगली असो नसो, डोळ्यांवर बोलका चष्मा असायचाच. त्याच्या काडीतला बारीक कॅमेरा समोरची अक्षरं टिपायचा आणि कानामागच्या हाडाला हलकी कंपनं देऊन ती वाचून दाखवायचा. आवाज फक्त घालणाऱ्याला ऐकू यायचा. दुकानाची पाटी, औषधाच्या बाटलीवरचा बारीक मजकूर, बँकेचे निरोप, सगळं कानात. शाळेत मुळाक्षरं शिकवत, पण मूल जरा मोठं झालं की चष्मा यायचा आणि मग डोळ्यांनी ओळ वाचायची वेळ क्वचितच यायची. सवय गेली की वाचणंही जड जातं. बऱ्याच लोकांचं तसं झालं होतं आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. पोराला गोष्ट वाचून दाखवायची असली तर चष्मा कानात सांगायचा आणि माणूस त्याच्या मागोमाग मोठ्यानं म्हणायचा. सर्वेश हे फार सफाईनं करायचा.

शेवटी ती दोघं जुईला घेऊन मिरजेला डॉक्टर निलोफर जमादारांकडे गेली. या बाई लहान मुलांच्या बोलण्यावर काम करायच्या. त्यांची खोली दवाखान्यासारखी नव्हती. जमिनीवर गादी होती, तक्के होते आणि पुस्तकं होती. त्यांनी जुईच्या डोक्यावर एक मऊ कापडी टोपी घातली, तशीच एक प्रणिताच्या.

"यात बारीक दिवे आहेत," त्या म्हणाल्या. "त्यांचा प्रकाश आपल्याला दिसत नाही, पण तो कवटीतून थोडा आत जातो आणि परत येतो. मेंदूच्या ज्या भागाचं काम चालू असतं तिथं रक्त वाढतं, आणि परत येणारा प्रकाश तेवढा बदलतो. दुखत वगैरे काही नाही. तुम्ही नेहमीसारखं वाचा."

प्रणिताला चष्म्याची काडी टोचायची, म्हणून ती कामाव्यतिरिक्त तो घालत नसे. तिनं तसंच वाचायला घेतलं. तिचं वाचन काही खास नव्हतं. ती मध्येच थांबत होती, ओळ चुकत होती, जुईनं चित्रावर बोट ठेवलं की "हां, कोंबडी" म्हणत होती. भिंतीवरच्या पडद्यावर दोन रेघा दिसत होत्या, एक आईची आणि एक मुलीची. हळूहळू त्या एकाच वेळी वर जायला आणि एकाच वेळी खाली यायला लागल्या.

मग सर्वेश बसला. त्यानं नेहमीसारखं सुरेख वाचलं. त्याची रेघ एका चालीनं चालत राहिली. जुईची थोडा वेळ तिच्या आसपास घुटमळली आणि मग पार खाली जाऊन सपाट झाली. जुई उठून तक्क्याच्या पलीकडे गेली.

"मगदूम, एकदा चष्मा काढून वाचाल?" डॉक्टरांनी विचारलं.

"नंबर आहे मला, मॅडम. काढला की दिसत नाही."

डॉक्टरांनी त्याच्याकडे क्षणभर बघितलं, पण जास्त काही विचारलं नाही. त्यांनी टोप्या उचलून ठेवल्या.

"लहान मूल गोष्ट नुसती ऐकत नसतं," त्या सांगू लागल्या. "पुढचा शब्द कोणता येणार याचा ते सारखा अंदाज घेत असतं. वाचणारं माणूस थांबतं, चित्राकडे बघतं, मुलाच्या तोंडाकडे बघतं. तेवढ्या वेळात मुलाचा अंदाज ओठांपर्यंत येतो. बोलण्याची सुरुवात तिथं होते. बोलक्या चष्म्याचा आवाज थांबत नाही. तो पुढं आणि तुम्ही अर्धा शब्द मागं. थांबलात तर पुढचं वाक्य हातचं जातं. शिवाय तुमचे डोळे ओळीवरून सरकतच नाहीत, एका जागी राहतात. त्यामुळं कुठं बघायचं हेही मुलाला कळत नाही. अशी बरीच मुलं आता माझ्याकडे येतात."

"म्हणजे माझ्यामुळं झालं हे?" सर्वेशनं विचारलं.

"असं नाही म्हणत मी. काही मुलं उशिरा बोलतात. हिला बोलायला जरा जास्त अवधी लागतो, आणि तो तिला मिळायला हवा. रोज थोडा वेळ घरात कुणीतरी चष्म्याशिवाय तिच्याबरोबर पुस्तक वाचा. आईनं वाचलं तरी चालेल."

शेवटचं वाक्य ऐकून सर्वेशचा जीव भांड्यात पडला.

परतताना कवठे एकंदला गाडी चार्जिंगला लावून ती चहाला थांबली. जुई प्रणिताच्या मांडीवर बिस्कीट बुडवत होती.

"तुला नंबर कधी लागला?" प्रणितानं विचारलं.

सर्वेश कपाकडे बघत राहिला. "नंबर नाहीये मला."

"मग?"

"मला नीट वाचता येत नाही, प्रणिता. एकेक अक्षर कळतं. पण ओळीत आली की ती आपापसांत जागा बदलतात. आणि जोडाक्षर आलं की मग संपलंच." त्यानं कप बशीत ठेवला. "शाळेत बाई उभं करायच्या. सगळा वर्ग माझं वाक्य कधी संपतंय म्हणून वाट बघत बसायचा. सातवीत चष्मा मिळाला. त्यानंतर कुणाला कळलंच नाही."

"मलासुद्धा."

"तुला सांगायचं होतं."

"मी हसले असते असं वाटलं तुला?"

"नसतीस हसली. पण मला ते तोंडानं सांगावं लागलं असतं."

प्रणितानं जुईच्या हातातलं उरलेलं बिस्कीट काढून घेतलं. तिला लागलं होतं, पण कशाचं लागलं हे तिलाही नीट सांगता आलं नसतं. तिनं जुईचे हात पुसले.

"बरं. मी वाचत जाईन तिला," ती म्हणाली. "तू नको मनाला लावून घेऊ."

त्या दिवसापासून प्रणिता रोज संध्याकाळी वाचायला लागली. सर्वेश त्या वेळात कणीक मळायचा, चपात्या लाटायचा. बाहेरच्या खोलीतून प्रणिताचा आवाज यायचा, मध्येच जुईचं हसू, क्वचित एखादा नवा शब्दही यायचा. सुरुवातीला त्याला बरं वाटलं. मग एकदा जुई पुस्तक घेऊन त्याच्या शेजारून तशीच पुढं आईकडे गेली. त्याच्याकडे तिनं बघितलंसुद्धा नाही. तो हात धुऊन परत कणीक मळायला लागला, पण त्या दिवशी चपात्या काही मनासारख्या झाल्या नाहीत.

ऑक्टोबरची छाटणी झाली आणि फवारणीचा हंगाम सुरू झाला. यंदा हवा दमट होती, भुरी आणि करपा या वेलीवरच्या रोगांच्या भीतीनं बागायतदार रोज बोलावत होते. प्रणिता उजाडायच्या आत निघायची आणि परत आली की जेवता जेवता पेंगायची. पुस्तकं फळीवर तशीच राहिली. जुई जेवढं बोलायला लागली होती तेवढ्यावरच थांबली.

एका संध्याकाळी सर्वेश भाजी चिरत होता. जुई फळीपाशी स्टूल नेऊन चढली, एक पुस्तक ओढून काढलं आणि स्वयंपाकघरात येऊन त्याच्यापुढं धरलं.

"दे," ती म्हणाली. घ्यायचं असो की द्यायचं, तिचा शब्द एकच होता.

"आई आली की वाचेल, हां."

जुई तिथून हलली नाही. पुस्तक धरलेले हात खाली येईनात.

सर्वेशनं हात पुसले. चष्मा काढून फ्रीजवर ठेवला आणि फरशीवर भिंतीला टेकून बसला. जुई मांडीत येऊन बसली. पुस्तक नवीनच होतं, प्रणितानं मिरजेहून आणलेलं. जाड पानं, मोठी अक्षरं. तळ्यात एक म्हैस मानेपर्यंत पाण्यात बसली होती आणि काठावर तिचा धनी कमरेवर हात ठेवून उभा होता.

त्यानं पहिल्या अक्षराखाली बोट ठेवलं. "त... ळ्या... तळ्यात. ए... क. एक."

'ळ्या' कसाबसा निघाला, पण पुढं आणखी अवघड जोडाक्षर होतं. चित्रात म्हैस होती, तेव्हा शब्द काय असणार हे त्याला दिसतच होतं. पण त्याला तो चित्रावरून म्हणायचा नव्हता. अक्षरावरून वाचायचा होता. त्यानं 'म' पकडला. मग 'ह' पकडला, तोवर 'म' हातचा गेला. वरच्या दोन मात्रा कुणाच्या ते कळेना. त्याचे कान गरम झाले. वर्गातला बाक, समोर धरलेलं पुस्तक, मागून येणारी कुजबूज, सगळं त्याला आठवलं.

"म... ह... म..."

जुईनं त्याच्या बोटाकडे बघितलं. मग मान वर करून त्याच्या तोंडाकडे बघितलं. मग चित्राकडे. कुकरची वाफ फसफसत होती. त्याचं बोट त्या अक्षराखालीच होतं.

"म्हैस," जुई म्हणाली.

हा शब्द ती याआधी कधी बोलली नव्हती. सर्वेशला जोरात काहीतरी म्हणावंसं वाटलं, पण त्यानं स्वतःला आवरलं. ती पुस्तकाकडे बघत होती, आणि तिची नजर तिथून हलू नये असं त्याला वाटलं.

"म्हैस," तो हळू म्हणाला. "तळ्यात एक म्हैस. ब... स... ली."

दुसऱ्या पानावर धनी म्हणतो, चल घरी. म्हैस म्हणते, नाही. सर्वेश 'म्हणाली'पाशी पुन्हा अडकला. जुई थोडा वेळ थांबली आणि तिनं पुढचंच सांगून टाकलं, "नाई." तिसऱ्या पानावर तिनं मानही जोरात हलवली. भाजी अर्धी चिरलेलीच राहिली.

प्रणिता आली तेव्हा त्यानं तिला सांगितलं. तिनं जुईला उचलून विचारलं, "काय बघितलं आज पुस्तकात? सांग की." जुईनं तोंड फिरवून आईच्या खांद्यात लपवलं.

"खरंच म्हणाली ती," सर्वेश म्हणाला. "अगदी स्पष्ट."

"माझा विश्वास आहे." प्रणिता बूट न काढताच खाली बसली. "तू चष्म्याशिवाय वाचलंस?"

"वाचलं म्हणजे... तिनंच वाचलं निम्मं."

प्रणितानं त्याच्या दंडाला हात लावला आणि तसाच ठेवला.

मग हे रोजचं झालं. एक पान, कधी दोन. सर्वेश कामावर जेवणाच्या सुट्टीत बेदाण्याच्या बॉक्सवरची लेबलं चष्मा काढून वाचायचा. शेजारी शौकत तांबोळी बसलेला असायचा. हा कंप्रेसर सांभाळायचा आणि त्याला अक्षरओळख अजिबात नव्हती.

"काय करायलायस भावा? डोळे दुखतात का?"

"नाही. वाचायलोय."

"चष्मा असताना?"

"चष्मा असताना," सर्वेश म्हणाला. मग त्यानं शौकतला सगळं सांगितलं. प्रणिताला सांगताना जेवढं जड गेलं होतं तेवढं आता गेलं नाही.

अक्षरं अजूनही जागा बदलायची, पण ती कुठं बदलतात हे त्याला कळायला लागलं. बोट धरून ठेवलं की ती जरा शहाण्यासारखी वागायची. जुईचे शब्द वाढत होते. आधी एकेकटे, मग जोडीनं. "मोठी म्हैस." "पप्पा वाच." एका रविवारी प्रणितानं तेच पुस्तक वाचायला घेतलं आणि सरळ म्हणाली, "तळ्यात एक म्हैस बसली."

"असं नाही," जुई म्हणाली.

"मग कसं?"

"म... म... म्हैस."

प्रणिता हसत सुटली. दारात उभा असलेला सर्वेशही हसला. पूर्वी कुणी त्याच्या अडखळण्याची नक्कल केली असती तर त्याला घरातून निघून जावंसं वाटलं असतं. आता प्रणितालाही प्रत्येक वेळी त्या शब्दापाशी तसंच अडखळून दाखवावं लागायचं, नाहीतर जुई पान उलटू द्यायची नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाला डॉक्टर जमादारांचा फोन आला. त्यांच्या टोपीनं दाखवलेल्या रेघांवरून चष्मा बनवणाऱ्या एका कंपनीनं नवा चष्मा तयार केला होता, खास घरी मुलांबरोबर वाचण्यासाठी. काही कुटुंबांनी तो वापरून बघावा असं त्यांना वाटत होतं.

मिरजेच्या त्याच गादीवर सर्वेशनं आपल्याला नंबर नसल्याचं सांगितलं, थोडं चष्म्याशिवाय वाचून दाखवलं आणि मग नवा चष्मा घातला. दोघांना टोप्या घातल्या. हा चष्मा वेगळाच होता. तो एक छोटं वाक्य कानात सांगायचा आणि गप्प बसायचा. मुलीची नजर चित्रावर गेली की "चित्राकडे बघा" म्हणायचा. ती बोलायला लागली की तिचं पुरं होईपर्यंत चूप. सर्वेशनं वाचलं, जुई ऐकत राहिली, मध्येमध्ये बोललीही. पडद्यावरच्या रेघा जवळजवळ बरोबरीनं चालल्या.

"चांगला आहे," सर्वेश म्हणाला. त्यानं तो काढून हातात धरला. खरं तर त्याला जरा वाईटच वाटलं होतं. इतके महिने बोट धरून जे केलं ते आता कुणालाही काडी कानावर ठेवून करता येणार होतं.

"ठेवा तुम्ही," डॉक्टर म्हणाल्या. "तुमच्यासाठीच काढलाय."

"एक विचारू, मॅडम? माझ्याबरोबर शौकत म्हणून आहे. त्याच्या नातवाला पुस्तकं हवी असतात आणि घरात चष्म्याशिवाय वाचणारं कुणी नाही. हा त्याला दिला तर चालेल?"

"चालेल की. पण मग तुम्हाला?"

"मला नको."

"का? वाचन तुम्हाला अजून जड जातं. मी बघितलंय."

सर्वेशनं जुईकडे बघितलं. ती पुस्तकांच्या ढिगातून एक पुस्तक ओढत होती आणि बाकीची कोसळत होती. "हा घातला की मला काही अडत नाही," तो म्हणाला. "मग ती मला सांगणार काय?"

डॉक्टर हसल्या. त्यांनी चष्मा डबीत घालून शौकतसाठी दिला, आणि जुईनं ओढलेलं पुस्तकही बरोबर दिलं. शौकतनं पुढच्या आठवड्यात सांगितलं की नातू आता त्याला सोडतच नाही, चहासुद्धा पिऊ देत नाही. शौकत खूश होता. सर्वेशलाही त्याचं मनापासून बरं वाटलं. त्या चष्म्याबद्दल त्याच्या मनात मग काही राहिलं नाही.

मे महिन्यात प्रणिताला सवड मिळाली. बागांमध्ये फवारणीचं फारसं काम उरलं नव्हतं. एका दुपारी जेवणं झाल्यावर तिघं पंख्याखाली चटई टाकून पडली. सर्वेशनं पोटावर उघडं पुस्तक धरलं होतं. जुई त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून आडवी झाली होती, आणि प्रणिता पलीकडे डोळे मिटून ऐकत होती. पुस्तक एका टेकडीवरच्या बसस्टॉपचं होतं. सर्वेश आता बराच पुढं गेला होता, पण घाई करत नव्हता.

"टेकडीवर कुणीच नव्हतं. फक्त एक... प... क्षी..."

"पप्पा, थांब."

तो थांबला.

"आईचा ड्रोन आहे ना," जुई म्हणाली, "तो वर गेला. लई वर. आणि एक पक्षी आला. पिवळा. तो म्हणाला, हे माझं आहे आकाश, तू कशाला आला?"

प्रणितानं डोळे उघडले. "मग ड्रोन काय म्हणाला?"

"त्याला बोलता येत नाही, आई. तो नवीन आहे." जुई उठून बसली. तिचे हात हवेत फिरायला लागले. "मग पक्षी म्हणाला, बरं, माझ्या मागं मागं ये. मग ते गेले. द्राक्षांच्या वरून गेले, पप्पांच्या कोल्ड स्टोरेजच्या वरून गेले, आणि तिथं लई थंडी होती, म्हणून पक्ष्यानं त्याला पंखात घेतलं."

पंख्याच्या वाऱ्यानं पुस्तकाची पानं उलटून गेली. सर्वेश कुठवर आला होता ते हरवलं, आणि त्यानं शोधायचा प्रयत्नही केला नाही.

"आणि मग काय झालं माहितीय?" जुईनं विचारलं.

"काय?" दोघं एकदम म्हणाली.

जुईनं बोलायला तोंड उघडलं आणि ती अडली. पुढं काय झालं ते तिलाच अजून ठरवायचं होतं. ती छताकडे बघायला लागली. प्रणिता काहीतरी सुचवणार होती, तेवढ्यात सर्वेशनं तिच्या हातावर हात ठेवला. मग दोघं जुईच्या तोंडाकडे बघत वाट पाहत राहिली.